आमची नंदिनी निवडणुकीला उभी राहते

दह्याचे रिकामे डबे जसे आपोआप साठतात, तसे नंदिनीचे किस्से माझ्याकडे साठलेत. टाकवत नाहीत, आणि कपाट उघडलं की अंगावर पडतात. नंदिनी म्हणजे इथली, अमेरिकेत बेलव्ह्यूतली माझी शेजारीण, मूळची नागपूरची. आधी सॉफ्टवेअरमध्ये होती, मग स्कूल बोर्डावर गेली, तिथून राज्याच्या विधिमंडळात. तिच्या प्रत्येक प्रचारात मी होते. ऐकीव काही सांगत नाही.

*

पहिल्या निवडणुकीत आम्ही दोघी दारोदार फिरलो. यादीत चाळीस घरं. सुरुवात मराठी घरांपासून करायची, ही तिची आयडिया. पहिल्या घरी पोहे, दुसऱ्या घरी उपमा, तिसऱ्या घरी जेवल्याशिवाय सोडेनात. संध्याकाळी कॅम्पेन मॅनेजरनं फोन करून विचारलं, किती दारं झाली?

नंदिनी म्हणाली, "तीन. पण फार डीप झाली."

*

अंगणात लावायला तिच्या नावाच्या पाट्या वाटल्या. आठवडा झाला तरी रस्त्यावर एक पाटी दिसेना. नंदिनीचा चेहरा उतरला. मी सरळ एका घरात शिरले. पाटी हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं.

घरची बाई म्हणाली, "बाहेर पाऊस किती आहे मावशी! भिजली असती ना."

*

विधिमंडळाच्या वेळी सभेला हॉल गच्च भरला. टाळ्या काय, फोटो काय. नंदिनीनं हुरळून विचारलं, इथे मत कोण कोण देणार? अकरा हात वर झाले. बाकी सगळे व्हिसावर, नाहीतर ग्रीन कार्डाच्या रांगेत.

त्या अकरांतल्याही दोघांना जेवण कधी आहे, एवढंच विचारायचं होतं.

*

पुढे ती वाहतूक समितीची अध्यक्ष झाली. तिच्या आईनं नागपुरात सांगून टाकलं, पोरगी तिकडे मंत्री झाली! लगेच एका लांबच्या मामांचा फोन. त्यांचा जावई एसटीत कंडक्टर, त्याला गडचिरोलीहून नागपूरला बदली हवी. नंदिनीनं अर्धा तास समजावलं, की माझं राज्य वॉशिंग्टन, महाराष्ट्र नव्हे. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते बरोबर आहे," म्हणाले, "पण तू एक शब्द टाकून तर बघ."

*

त्याच सुमाराला तिच्या लेकीला शाळेत विचारलं, आई काय काम करते? पोरगी म्हणाली, "शी सेज सॉरी अबाउट ट्रॅफिक."

*

आता गेल्या निवडणुकीचं. आमच्याकडे मत पोस्टानं जातं, पाकिटावर सही करायची. मोजणी अजून चालू होती, नंदिनी जेमतेम सतरा मतांनी पुढे, आणि मला निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं की सही जुळत नाही, मत बाजूला ठेवलंय. जुळणार कशी? त्यांच्याकडची सही मी इंग्रजी अक्षरं नुकतीच शिकले तेव्हाची, कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी. त्यानंतर रोज वहीत गिरवून मी ती सुधारली. सुधारणा केल्याची शिक्षा!

नंदिनीला कळल्याबरोबर तिनं दोन मीटिंगा कॅन्सल केल्या. भर पावसात स्वतः ड्राइव्ह करून मला निवडणूक कार्यालयात नेलं. तिथला गोरा तरुण दोन्ही सह्या शेजारी ठेवून म्हणाला, या दोन वेगळ्या बायकांच्या वाटतात. मी त्याला माझ्या इंग्रजीत सुनावलं, की बरोबर वाटतंय, एक शिकण्याआधीची आहे आणि एक नंतरची. मग त्याच्यासमोर फॉर्मवर तीनदा सही केली, तिन्ही एकसारख्या. मत मोजणीत गेलं.

परतताना नंदिनीनं गाडीतला हीटर माझ्या पायांकडे वळवला. बिचारी हळवी झाली होती. म्हणाली, "मावशी, आज माझं एक मत वाचवलंस."

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "ते तुझं होतं, असं तुला कोणी सांगितलं?"