छत्रीचं माहेर

अंबाजोगाईत केबल नुकतीच आली होती. चौकातला टीव्हीवाला काचेआड एक रंगीत टीव्ही दिवसभर चालू ठेवायचा. समोर पोतं अंथरून एक छत्र्या दुरुस्त करणारा बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दातानं तोडलेला दोरा तो कानावर अडकवून ठेवायचा, एवढं आठवतं.

मी घाटनांदूरहून मुलगी बघायला आलो होतो. छत्रीची काडी निसटली म्हणून त्याच्याकडं थांबलो. टीव्हीवर ऑक्टोपस दिसत होता. अंगात पाणी भरून घ्यायचा, ते जोरानं मागं सोडायचा आणि आठही पाय मिटून सुळकन पुढं जायचा. ते बघता बघता छत्रीवाल्याची सुई हातातच राहिली.

"छत्रीलाबी आठच काड्या हाईत की वो," तो म्हणाला.

मी काही बोलायच्या आत माझी छत्री घेऊन तो कोपऱ्यावरच्या गुरांच्या हौदाकडं गेला. पाण्यात बुडवून उघडली आणि खटकन मिटली. छत्री त्याच्या हातातून निसटून टोकाकडून पुढं पळाली आणि मागं उसळलेल्या पाण्यानं आम्ही दोघं भिजलो.

"उगंच डोक्यावर धरतो आपण हिला," तो खुशीत म्हणाला. "हिचं माहेर पाण्यात हाय."

तसाच ओला मुलीच्या घरी पोचलो, तर तिच्या वडलांनी बाहेरच्या लख्ख उन्हाकडं बघत विचारलं, "वाटंत पाऊस लागला का?"

"न्हाई," मी म्हणालो, "छत्री माहेरी गेलती."

चहा घेऊन येणारी मुलगी दारातच हसली आणि लग्न तिथंच जमलं. अजून माहेरी निघाली की ती छत्री काखेत मारते. म्हणते, "हिलाबी जरा जाऊन येऊ द्या."