अर्नाळ्याला ऐकू आलेला सालेम

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आवडीने वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. आमची वसईजवळ उमेळ्याला केळीची बाग होती. अंधारात बागेत जाताना कंदील घ्यायचो तो सापासाठी, भुतासाठी नव्हे. पुढे आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. देव मानतो, पण त्याच्यापुढची सगळी मंडळी मला कायम थोतांड वाटत आली.

तरी हे लिहितोय, कारण वसईत अजूनही लग्नाकार्यात कुणीतरी माझी ओळख करून देतो — "हे मास्तर! त्या सिनेमातल्या हबशी सरदाराचा आवाज यांचा बरं का. अर्नाळ्याला लोक रडले होते." लोक रडले हे खरं आहे. मी तिथेच होतो. पण ज्या आवाजाने रडले तो माझा नव्हता... आणि तो कुठून आला, हे मला आजही माहीत नाही.

आधी सालेमबद्दल सांगतो. त्याचा जन्म आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लामू बेटावरचा. ऐन विशीत गलबतावर खलाशी म्हणून मुंबईला आला आणि तापाने आडवा झाला. गलबत त्याला मागे टाकून निघून गेलं. बंदरात मासळी घेऊन आलेल्या अर्नाळ्याच्या एका नाखव्याने त्याला उचलून घरी आणलं. नाखव्याची बायको हिराबाय. तिला मूलबाळ नव्हतं. तिने पेज भरवून भरवून त्याला उभा केला. बरा झाल्यावर दारात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घेत तो म्हणाला, माझ्या गावाला असाच वास येतो. मग तो गेलाच नाही. तिला 'आय' म्हणायला लागला.

किनाऱ्यावर एका हिंदी सिनेमाचं शूटिंग चालू असताना फाइट मास्टरने त्याला होडी ओढताना पाहिलं, आणि सालेमची कारकीर्द सुरू झाली. सत्तरच्या दशकातले मारामारीचे सिनेमे आठवा — खलनायकाच्या मागे हाताची घडी घालून उभा असलेला तो उंच काळा माणूस... त्यांतल्या कित्येकांत तो सालेम होता. काचेतून फेकला जायचा, घोड्यावरून पडायचा, कधी पिसं लावून जंगलचा राजा व्हायचा.

"मास्तर, मला सांगतात, हुंबा हुंबा कर," तो एकदा मला म्हणाला. "मी विचारलं, ही कुठली भाषा? तर म्हनले, आफ्रिकन! माझ्या गावात असा कोन बोलला तर त्याला वैद्याकडं नेतील."

पण त्याच्या कामाबद्दलच्या निष्ठेला तोड नव्हती. स्वतःला एक शब्द नसला तरी सगळ्यांचे संवाद त्याला पाठ असायचे. हिरो अडला, की मागे मशाल धरून उभा असलेला सालेम ओठ न हलवता पुढचा शब्द पुरवायचा. किल्ल्यात शूटिंग बघायला जायचो तेव्हा हे मी स्वतः पाहिलंय. हिरोने कधी मागे वळून पाहिलं नाही, आणि सालेमने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

दशक संपता संपता एक मराठी ऐतिहासिक सिनेमा वसईच्या किल्ल्यात आला. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यात हबशी सरदाराची भूमिका सालेमला मिळाली. सरदार पूर्ण सिनेमाभर गप्प असतो आणि शेवटी तटावर उभा राहून एकदाच बोलतो. त्याचे उच्चार घोटून घ्यायला गावातला मराठीचा मास्तर म्हणून मला नेमलं. सालेम अर्नाळ्याहून सायकलने उमेळ्याला यायचा. आमच्या बागेत केळीच्या पानांना तो भाषण ऐकवायचा — "माझी आई समुद्रापलीकडे राहिली. या किनाऱ्याच्या पाण्यानं मला वाढवलं. आता सांगा, मी कुठल्या किनाऱ्याला परका म्हणू?"

'पाणी' त्याच्या तोंडून 'पानी'च यायचं. हिराबायनेच त्याला मराठी शिकवलं होतं ना! मी दुरुस्त करायचो, तो दोनदा बरोबर म्हणायचा, आणि भाषणात रंगला की पुन्हा 'पानी'. पण शूटिंगच्या दिवशी तो तटावर उभा राहून बोलला, तेव्हा सैनिक म्हणून आणलेली कोळ्यांची पोरं भाले टेकून स्तब्ध उभी राहिली. 'कट' झाल्यावरही कुणी हललं नाही.

काही महिन्यांनी डबिंगच्या वेळी दिग्दर्शकांनी मला मुंबईला बोलावलं. म्हणाले, "चेहरा सोन्यासारखा आहे हो, पण बोलायला लागला की सरदार थेट मासळीबाजारातून आल्यासारखा वाटतो. थिएटर हसेल. मास्तर, तुमची वाणी स्वच्छ आहे. तुम्हीच बोलून टाका."

मी नाही म्हणू शकलो असतो. 'त्याच्याकडूनच पुन्हा करून घेऊ, मी बसतो सोबत' एवढं तरी म्हणू शकलो असतो. पण पडद्यावर आपला आवाज यावा ही माझी जुनी हौस होती... मी हो म्हणालो.

डबिंग कसं चालायचं ते सांगतो, कारण पुढचं त्यावरच आहे. शूटिंगच्या वेळी टेपवर घेतलेला कच्चा आवाज कानाला लावून ऐकायचा आणि पडद्यावरच्या ओठांबरहुकूम आपण बोलायचं. दुपारभर सालेम माझ्या कानात बोलत होता — मागे किल्ल्यावरचा वारा, कावळे — आणि मी त्याच्यावर माझा आवाज चढवत होतो. काम झाल्यावर ती टेप माझ्यासमोर पुसली. टेप महाग, पुन्हा वापरायची असायची. म्हणजे सालेमचा तो आवाज त्या दिवसापासून जगात कुठेच नव्हता.

सालेमला कळलं तेव्हा तो सायकल घेऊन आला.

"मास्तर, तुमी तिथं होता ना?"

"निर्णय त्यांचा होता रे."

"बोलला कोन?"

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. तो समजला. कप बाजूला सारला. मग म्हणाला, "माझं जाऊ द्या. आयला काय सांगू? तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला पडदाच दिसत नाय. ती सगळ्यांना सांगत फिरते — आजवर नुसता उभा राहायचा, मला काय कळनार? या टायमाला बोलनार हाय, मी ऐकनार!"

सिनेमा थिएटरात फार चालला नाही. पुढच्या होळीच्या आधी अर्नाळ्याच्या मंडळाने छोटा प्रोजेक्टर भाड्याने आणून मैदानात खेळ ठेवला. पाहुणा म्हणून मला बोलावलं. सालेम त्या दिवशी मुद्दाम होडीवर गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "आयजवळ तुमी बसा. तिनं विचारलं तर काय ते तुमीच सांगा."

दिवेलागण झाली, खेळ सुरू झाला. हिराबाय नवं लुगडं नेसून माझ्या शेजारी चटईवर बसली होती. मिनिटामिनिटाला विचारायची, "आला का?"

"आला, मावशी. अजून बोलत नाही."

"बोलेल, बोलेल. घाई नको करू."

शेवटचं रीळ लागलं. सालेम तटावर चढला. मी मान खाली घातली. आता माझा आवाज येणार आणि ही बाई विचारणार — हा कोन?

आधी वाऱ्याची घरघर आली. मग कावळे. डबिंगमध्ये आम्ही हे काहीच ठेवलं नव्हतं. आणि मग सालेम बोलला... स्वतःच्या, भरलेल्या, थोड्या खरखरीत आवाजात — "माझी आई समुद्रापलीकडं राहिली. या किनाऱ्याच्या पान्यानं मला वाढवलं..."

मागून कुणी ओरडलं, "आयला, सालेम बोलतोय!" मग सगळं मैदान चिडीचूप. हिराबायने माझं मनगट पकडलं होतं. भाषण संपेपर्यंत ती श्वाससुद्धा जपून घेत होती. बायका पदराने डोळे पुसत होत्या. माझ्या अंगावर काटा आला होता आणि खरं सांगतो, भीतीपेक्षा मला आनंद झाला होता.

गर्दी पांगल्यावर मी ऑपरेटरला तेच रीळ पुन्हा लावायला लावलं. माझा आवाज. स्वच्छ, शुद्ध, बिनचूक. वारा नाही, कावळे नाहीत. ऑपरेटर माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, मघाशी असं नव्हतं..." पेटीत प्रिंट एकच होती.

सकाळी होड्या लागल्या. होडीचा तांडेल म्हणाला, सालेम रात्रभर सुकाणूवर होता, किनारा दिसतसुद्धा नव्हता. सालेमला विचारायला गेलो, तर त्याच्या तोंडून आवाजच फुटेना. घसा पार बसला होता. पुढे कितीतरी दिवस तो खुणेनेच बोलायचा.

पण गावाने आपलं स्पष्टीकरण शोधलं. आवाज देणारा म्हणून पडद्यावर माझं नाव होतं. "मास्तरांनी काय हुबेहूब सालेमचा आवाज काढला!" मंडळाने माईकवरून माझे आभार मानले, नारळ दिला, आणि मी हात जोडून तो घेतला. त्याच कौतुकावर मला पुढे नाटकांत, रेडिओवर कामं मिळाली.

सालेमने याबद्दल कधी कुणाजवळ तोंड उघडलं नाही. ऐंशीच्या दशकात दोन-तीन सिनेमांत तो स्वतःच्या आवाजात बोलला. थोडंच, पण ऐकणाऱ्याने मान वर करावी असं. हिराबाय गेल्यावर तो लामूला परतला, आणि मग बातमी नाही.

माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून विचारलं होतं. म्हणाले, सगळ्यांना त्याचाच आवाज ऐकायचा होता, म्हणून ऐकू आला. असेल. पण मला तर माझा ऐकायचा होता.

खेळ सुटल्यावर त्या रात्री मी हिराबायला हात धरून घरापर्यंत पोचवलं होतं. दारात थांबून ती म्हणाली, "बाबा, लोक सांगत होते, तू पन बोललास यात. कुठं होतास? मला नाय ऐकू आलास."

"मी नव्हतो, मावशी," मी म्हणालो.

त्या सिनेमाबद्दल आजवर मी खरं बोललो ते एवढंच.