फौजींचं दुखणं खरं मानणाऱ्या शेवडे मॅडम

मिरजेच्या इस्पितळात एमआरआयचा तंत्रज्ञ म्हणून मी रुजू झालो, त्या दिवशी डॉ. मृदुला शेवडे यांनी आधी मलाच यंत्रात झोपवले. "आत कसं वाटतं हे ठाऊक नसलेला माणूस पेशंटला धीर काय देणार?" बाहेर आल्यावर माझा चेहरा बघून त्या मनसोक्त हसल्या. अशी आमची ओळख झाली.

माजी सैनिकांच्या जुनाट दुखण्यांत मेंदूचा वाटा किती, हे मॅडम प्रतिमांमधून शोधत आहेत. आपल्या भागात फौजी माणसे पुष्कळ. निवृत्तीनंतर अंग ठणकते, झोप उडते आणि तपासण्यांत काही सापडत नाही. मग घरचेच म्हणतात, सोंग आहे.

कुंडलचे हवालदार जगन्नाथ साळुंखे असेच आले. आम्हाला निवांत मेंदूच्या प्रतिमा हव्या होत्या आणि "हलू नका" म्हणताच हे गृहस्थ झोपल्या जागी सावधान! मी शहाणपणाने माइकवरून "विश्राम" म्हटले. त्यांनी पाय तेवढे फाकवले, मुठी आवळलेल्याच. मॅडम म्हणाल्या, "अरे, विश्राममध्येही जवान ताठच असतो." त्यांनी माइक घेऊन खणखणीत हुकूम सोडला, "आराम से!" हवालदारांचे खांदे लगेच सैल पडले. फौजींसोबत बसून त्या एवढे शिकल्या होत्या, याचा मला फार अभिमान वाटला.

बाहेर आल्यावर हवालदारांनी पत्नीसमोरच विचारले, "मॅडम, दिसतंय का कायतरी? घरात मला नाटकी म्हणत्यात."

'हो' म्हणणे सोपे होते. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या एकट्याच्या चित्रावरून मी छातीठोक सांगणार नाही. पण तुमच्यासारख्या अनेकांची चित्रं एकत्र मांडली, की वेदना सांभाळणारे मेंदूतले भाग इतरांपेक्षा वेगळं काम करताना दिसतात. आणि तुमचं दुखणं खरं मानायला मला चित्र लागत नाही."

हवालदारांच्या पत्नी पारूबाई खाली बघत म्हणाल्या, "आवं, मीच लय टोचून बोलले ह्यांस्नी." मॅडमनी त्यांना शेजारी बसवून चहा दिला आणि सगळे पुन्हा समजावले. निघताना पारूबाईंनी नवऱ्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली. "द्या हिकडं. दुखतंय न्हवं?" हवालदारांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मॅडम, आज तुम्हाला साठ वर्षं पूर्ण झाली; यापुढेही तुमची प्रकृती ठणठणीत राहो आणि तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. यात आमचा स्वार्थ आहे. बाहेर व्हरांड्यात अजून कितीतरी फौजी आपली पिशवी आपणच सांभाळत थांबले आहेत.