फाटकाच्या आत की बाहेर

वहिनी आता हसत हसत कबूल करते, पण आधी तिला वाटायचं, नणंदबाईंना रविवारची भांडी चुकवायची असतात, म्हणून त्या गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर पळतात. आठवडाभर दातांच्या दवाखान्यात लोकांच्या तोंडात नळी धरून उभी राहणारी, जेमतेम पाच फुटांची, झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी बाई. ती रेफरी म्हणून कोणाला दटावणार, कप्पाळ!

एका रविवारी वहिनी दहा वर्षांच्या पोरांची मॅच बघायला गेली आणि दवाखाना बरा म्हणायची वेळ आली. तिथे निदान लोक चूळ भरून येतात. इथे एक बाप घडीची खुर्ची टाकून, तोंडात दाणे कोंबून, समोरच्या टीमच्या गोलकीपरला ओरडत होता, "ए ढोल्या, बॉल अडवतोस की गिळतोस?" चोथा हनुवटीवर, तुषार पुढच्या बाईच्या ओढणीवर. शी! आणि बाजूचे चांगले शिकलेसवरलेले आईबाप फिदीफिदी हसत होते. पोराचा खालचा ओठ थरथरायला लागला.

नणंदेने शिट्टी मारली, बॉल पायाखाली दाबला आणि त्या बापाकडे ढुंकूनही न बघता त्याच्या टीमच्या कोचला बोलावलं. प्रेक्षकाशी हुज्जत रेफरीने घालायची नाही, ज्याची माणसं त्याने आवरायची. कोच जाऊन काहीतरी पुटपुटून आला. पाच मिनिटं बरी गेली. मग पुन्हा तेच, वर पोराच्या आईचा उद्धार. गोलकीपरने हातमोजे काढले, म्हणाला मला घरी जायचंय.

पुन्हा शिट्टी. तीन मिनिटांत तो माणूस फाटकाबाहेर गेला नाही तर मॅच रद्द, असं तिने कोचला बजावलं. कोच गयावया करायला लागला, की ताई, टीमचे टी-शर्ट त्यांनीच दिलेत.

"छान आहेत टी-शर्ट," ती घड्याळ बघत म्हणाली. "दोन मिनिटं राहिली."

शेवटी बाप उठला, पण खोड जाते कुठे? खुर्ची फरफटत नेली आणि बरोबर फाटकाच्या मधोमध मांडली. म्हणे, झालो बाहेर. बाहेर झाला, म्हणजे प्रेक्षक उरला नाही. आता नणंद स्वतः चालत गेली.

"खुर्चीचे पुढचे पाय आत आहेत."

"मागचे बाहेर आहेत ना? मी मागेच टेकलोय."

"बरं. बाहेर आहात, तर फाटक लावून घ्या."

त्याने बसल्या बसल्या फाटक ओढलं. ते गुडघ्यावर आपटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा गुडघा. मघाचे हसणारे आता त्यालाच हसायला लागले, तेही तितकंच ओंगळ. तोवर गोलकीपरने एक हातमोजा चढवला होता. खुर्ची मागे सरकली, फाटक लागलं, नणंदेने आतून कडी घातली.

"इथे गाड्या येतात," तो गजांतून कुरकुरला. "रस्त्यात बसू का मी?"

"ते तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "बाहेर माझी शिट्टी चालत नाही."