प्रवेश न घेता कॅम्पसवर राहणारे

आम्ही मैत्रिणी चहाला बसलो की कुणाच्या सासूचे किस्से निघतात, कुणाच्या बँकेतल्या साहेबाचे. माझी पाळी आली की सगळ्या जणी आधी पाय वर घेऊन बसतात. कारण माझ्या किश्श्यात टेबलाखालून कुणी ना कुणी जाणारच असतं! बरं, हे किस्से मी काही शोधत हिंडत नाही. एक सांगून संपेस्तोवर आमच्या कॅम्पसवर दुसरा तयार होऊन बसलेला असतो.

आमचं कॅम्पस दारव्हा रोडला, गावाबाहेर. तिन्ही बाजूंनी कपाशी-तुरीची शेतं, चौथ्या बाजूला टेकडी. कंपाउंडची भिंत आहे, पण ती फक्त फाटकाच्या दोन्ही अंगांना आहे. मी तिथं वनस्पतिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे माझी नोकरी एप्रिलमध्ये सुकते आणि जूनमध्ये पुन्हा उगवते. उगवलीच तर!

तर एकदा बैठक चालू असताना फायलींच्या मागून पाल निघाली. मी किंचाळले. संचालक सरांच्या हातातला चहा त्यांच्याच शर्टावर सांडला.

सर शर्ट पुसत शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हाला हे प्राणी सगळ्यांच्या आधी दिसतात. आपल्याला अशाच माणसाची गरज होती."

अशी मी प्राणी व कीटक सुरक्षा समितीची समन्वयक झाले. समितीत माझ्याखेरीज दोघं: फाटकावरचे राठोडकाका आणि शिपाई गजाननभाऊ.

"सर, मला तर झुरळाचीसुद्धा भीती वाटते हो!"

"म्हणूनच. न भिणारा माणूस काळजी घेत नाही." मग सरांनी आवाज खाली आणला. "मार्चमध्ये तपासणी समिती येतेय. तोवर कुणाला काही चावलं, डसलं, तर जूनचं मी काही सांगू शकत नाही."

तेव्हापासून कॅम्पसवर कुणी नुसतं "आई गं" म्हटलं तरी मी धावत जाऊन विचारायची, "चावलं का?"

*

पहिलंच संकट आग्यामोहोळाचं. ऑफिससमोरच्या पिंपळावर एवढं मोठं लटकलेलं! मी सगळं वाचून काढलं. जवळ जायचं नाही, धूर करायचा नाही, आवाज करायचा नाही, जाणकार माणूस बोलवायचा. जाणकार दोन दिवसांनी येणार होता. तोवर मी पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला: 'सावधान! आग्यामोहोळ. शांतता राखा.'

गजाननभाऊंनी विचारलं, "कुठी लावू, मॅडम?"

"लोकांना दिसेल असा लावा, झाडाकडे."

गजाननभाऊ कामाला चोख. त्यांनी हातोडी घेतली, चांगले लांब खिळे घेतले आणि बोर्ड थेट पिंपळाच्या बुंध्यावर ठोकायला घेतला!

तिसऱ्या ठोक्याला मोहोळ उठलं. आम्ही ऑफिसात शिरून खिडक्या लावल्या. गजाननभाऊ बाथरूममध्ये. मी त्यांना फोन लावला. "भाऊ, चावलं का?"

"मले काहीच नाही झालं जी. तुमी फक्त खिडकीतून पाहून सांगा, बोर्ड सरळ लागला का वाकडा?"

*

मग वानरं. मुलींच्या हॉस्टेलवर यायची, डबे पळवायची. मी म्हटलं, कचऱ्याचे डबे झाकणाचे घ्या, हातात खायचं घेऊन हिंडू नका, त्यांना दात दाखवू नका. सरांना हे फार साधं वाटलं. ते म्हणाले, "वाघाचा फ्लेक्स लावा. वानर वाघाला भिते."

गजाननभाऊ दारव्ह्याला जाऊन फ्लेक्सची ऑर्डर देऊन आले. पण आमच्याकडं फ्लेक्सवर नुसता वाघ कोण छापतं? वाघ म्हटलं की दुकानदाराच्या डोळ्यांपुढे वाढदिवसच येतो. त्यानं आपल्या मनानं कॉलेजच्या वेबसाइटवरून सरांचा फोटो घेतला. फ्लेक्स आला तेव्हा मागं डरकाळी फोडणारा वाघ, पुढं गॉगल लावलेले सर आणि वर 'वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा!' गॉगलही दुकानदाराचाच.

छापलाच आहे तर वाया कशाला, म्हणून तो हॉस्टेलसमोर लावला. वानरं आली, वरच्या बांबूवर बसली आणि वाघाच्या तोंडासमोर शेपट्या सोडून उवा वेचू लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचे सरपंच शाल, नारळ आणि पेढे घेऊन हजर! सरांनी सगळं हसतमुखानं स्वीकारलं. मी हळूच म्हटलं, "सर, तुमचा वाढदिवस तर ऑगस्टात असतो ना?"

"इतक्या लांबून आले ते. नाही कसं म्हणू?"

तेवढ्यात खिडकीतून एक थोराड वानर आत आलं आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेलं. मी अर्थात किंचाळले. सर मात्र खुर्चीच्या मागून शांतपणे म्हणाले, "पाहा. वाघाला भीत नाहीत, पण वाढदिवसाला बरोबर येतात!"

*

लायब्ररीत उंदीर झाले. विष ठेवायचं नाही, असं मी बजावलं. तो उंदीर कुत्र्या-मांजरानं खाल्ला तर तेही जायचं. म्हणून पिंजरा लावला. रोज सकाळी एक सापडायचा. गजाननभाऊ पिंजरा नेऊन लांब सोडून यायचे. मी खूश. पण उंदीर काही संपेनात.

एकदा मी धीर करून पिंजऱ्यात डोकावले. अर्ध्या शेपटीचा उंदीर! त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा अर्ध्या शेपटीचाच.

"भाऊ, तुम्ही हे उंदीर सोडता कुठं?"

"कँटीनच्या मांगं. तिकडं त्याईले खायले भेटते ना."

मी कँटीनवाल्याकडे गेले. तो कौतुकानं म्हणाला, "आमीबी पिंजराच लावतो, मॅडम. मारत नाही. लायब्ररीच्या मांगं नेऊन सोडतो. तिकडं शांतता राह्यते."

मी परत येऊन हे सांगितलं, तर गजाननभाऊ पिंजऱ्याकडे बघत म्हणाले, "तरीच म्हटलं, हा ओळखीचा काहून वाटून राह्यला!"

*

आणि ती धामण. कॉम्प्युटर लॅबमधल्या कपाटामागे शिरलेली. सर्पमित्र नेरहून यायचा होता. नियम मीच केलेला: मुलांना बाहेर काढायचं, सापाला डिवचायचं नाही, आणि सर्पमित्र येईपर्यंत एकानं लांबून नजर ठेवायची. हलायचं नाही.

"एकानं म्हंजे कोनं?" मी विचारायच्या आत राठोडकाकांनीच विचारलं. मग ते आणि गजाननभाऊ दोघंही माझ्याकडे बघायला लागले. "नियम तुमीच केला ना जी."

मी दारातल्या टेबलावर चढले. कपाटाच्या फटीवर डोळे लावले. पापणीसुद्धा बेतानं हलवत होते. जून डोळ्यांपुढे.

पुष्कळ वेळ गेला. सर्पमित्र मागच्या खिडकीतून आत आला म्हणे, कपाटाच्या मागच्या अंगानं त्यानं धामण अलगद ओढून पिशवीत घातली आणि तसाच मागून बाहेर गेला. मैदानावर त्याचं छोटंसं भाषण झालं. सेल्फी झाले. मी आपली फटीकडे बघतेय!

शेवटी राठोडकाका डोकावले. "बाप्पा! मॅडम, तुमी अजून वरतंच? उतरा ना! साप गेला, सापवाला गेला, चहाबी झाला!"

*

पण मैत्रिणी पुन्हा पुन्हा सांगायला लावतात तो किस्सा तपासणी समितीचा.

कॅम्पसवर कुत्रे बरेच. सरांचं म्हणणं, सगळे गाडीत भरून लांब सोडून या. मी घाबरत घाबरत सांगितलं, सर, तसं नेऊन सोडता येत नाही, नियमच आहे. आणि हे गेले तर दुसरे येतील, बिनलसीचे. त्यापेक्षा यांची नसबंदी करू, रेबीजची लस देऊ आणि कँटीनमध्ये घुसू नयेत म्हणून एका जागी, एका वेळी खायला घालू.

सर नाइलाजानं हो म्हणाले. जागा ठरली सायकल स्टँड, वेळ दुपारच्या घंटेची. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. ती वाजली की राठोडकाका मेसमधल्या उरलेल्या पोळ्या घेऊन उभे. जो उडी मारेल त्याला पोळी नाही, जो बसेल त्याला आधी. थोड्याच दिवसांत सगळे ओळीनं बसायला शिकले. कुणाला चावले नाहीत, कुणावर भुंकले नाहीत.

मार्च उजाडला, समिती आली. सरांनी सकाळीच हुकूम सोडला, "आज दुपारची घंटा वाजणार नाही. कुत्रे दिसता कामा नयेत." कुत्रे हॉस्टेलच्या मागं सावलीत झोपलेले. सर पाहुण्यांना छातीठोक सांगत होते, "आमच्या कॅम्पसवर एकही मोकाट प्राणी नाही." मी मनातल्या मनात जूनपर्यंतचे दिवस मोजत होते.

समितीचे अध्यक्ष मोजकं बोलणारे गृहस्थ. व्हरांड्यात येऊन थांबले. "आग लागली, साप निघाला, तर मुलांना कसं कळवता?"

"घंटा, सर! घंटा वाजली की सगळे सायकल स्टँडजवळ जमतात," सर बोलून गेले.

"वाजवा बघू."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी राठोडकाकांकडे. काका घाबरले की आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला हाक मारतात. ते पुटपुटले, "याडी!"

सरांनी हातोडी उचलली आणि माझ्या हातात दिली. "या आमच्या सुरक्षा समितीच्या समन्वयक. मॅडम, तुमच्या हस्ते होऊ द्या!"

नाही वाजवली तर व्यवस्थाच नाही. वाजवली तर कुत्रे. दोन्हीकडून जून गेलाच. मी डोळे मिटले आणि ठोके दिले.

एवढ्या मोठ्या इमारतीतून दोन पोरं बाहेर आली. कानातले इअरफोन काढून त्यांनी विचारलं, "सुट्टी झाली का जी?"

आणि हॉस्टेलच्या मागून कुत्रे आले. धावत, पण एकही न भुंकता. सायकल स्टँडजवळ आले आणि ओळीनं बसले. शेवटी एक लंगडी कुत्री आली, तीही आपल्या जागेवर बसली.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "जमायची जागा हीच ना?"

"हो सर," संचालक सर कसेबसे म्हणाले.

"सर, लस दिलेली आहे," मी एका दमात बोलले. "नसबंदीही झालीये. कुणाला चावले नाहीत, सर, एकदाही नाही."

अध्यक्ष त्या रांगेकडे बघत राहिले, मग वरच्या वर्गांच्या खिडक्यांकडे बघितलं. "वर्गात हजेरी किती असते?"

संचालक सर शर्टाचं बटण चाचपू लागले.

"यांना शिकवलं कुणी?" अध्यक्षांनी पुन्हा कुत्र्यांकडे मान वळवून विचारलं.

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ते माझं कौतुक होतं की मला पुढं ढकलणं, ते अजून त्यांनाही ठरवता आलं नव्हतं.

"मग या मॅडमना सोडू नका," अध्यक्ष म्हणाले. "मुलांच्या हजेरीचं कामही यांनाच द्या."

"हो सर! जूनपासून यांच्याकडेच सर!"

जून! मी हातोडी घट्ट धरून खांबाला टेकले. समिती पुढच्या इमारतीकडे वळली, तसे राठोडकाका काळजीनं माझ्या जवळ आले.

"मॅडम, म्हंजे आता पोट्ट्याईलेबी पोळ्या टाका लागन का?"