दामोदर काकाजींचा खोकला

मी तो खोकला कापला नसता, तर दामोदर काकाजी आज असते का?

माहीत नाही.
वर्षभर स्वतःला विचारतेय.

काकाजींना जाऊन आज एक वर्ष झालं.

आंधळगावात आमच्या घराची आणि त्यांच्या घराची भिंत एकच. पुढच्या खोलीत त्यांचा माग. पाय खड्ड्यात सोडून दिवसभर कोसा रेशीम विणायचे. आमच्या घरात कुणी ग्रॅज्युएट झालं नव्हतं. माझा रिझल्ट लागला तेव्हा माझ्या बाबांच्या आधी काकाजीच गल्लीभर सांगून आले.

नंतर मला एका कॉलेजात प्रोजेक्टवर काम मिळालं. आम्ही एक व्हर्च्युअल प्रदर्शन बनवत होतो. मानववंशशास्त्राच्या आणि मेडिकलच्या मुलांनी ते एकत्र बघायचं. माणूस काय काम करतो, आणि ते काम त्याच्या शरीराचं काय करतं, हे शिकायचं.
स्क्रीनवर माग गोल फिरवता येणार. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यावर क्लिक केलं की विणकराचा आवाज ऐकू येणार.

मी लगेच म्हटलं, विणकर माझ्याकडे आहे.

रेकॉर्डिंगच्या दिवशी काकाजी इस्त्रीचा शर्ट घालून मागावर बसलेले.

"याच्यात मी दिसन का?"
"फक्त हात दिसतील काकाजी. आणि आवाज येईल."
"मंग दाढी कायले करवली वो माह्याकडून?"

सुरुवात छान झाली. धागा कसा ओळखायचा, बोटांना काय कळतं, सगळं सांगत होते. मध्येच खोकला आला. थांबले. पुन्हा बोलले. पुन्हा खोकला.

आतून शांता काकींचा आवाज.
"अजी, पानी प्या ना आधी! दोन महिने झाले खोकलून राहिले. अंगातले कपडे ढिले झाले. दवाखान्यात चाला म्हटलं तं म्हनते, एवढं पातळ उतरू दे मागावरून."

"अवं, रेकॉर्डिंग सुरू आहे! तू कायले मधात बोलून राहिली?"

सगळे हसले. मीही हसले.

मग मी हेडफोन लावून बसले. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं. प्रत्येक खोकला शोधून काढला. काकींचं बोलणं पूर्ण काढलं. सहा मिनिटं उरली. एकदम स्वच्छ.
प्रोजेक्टचे सर म्हणाले, "ऑडिओ फार क्लीन झालाय."

काकाजींना मोबाईलवर ऐकवलं.
"वा! असं वाटते मले कधी खोकला झालाच नाही."
मला ते कौतुक वाटलं.

काकी म्हणाल्या, "अन् मी कुठं गेली?"
"तुम्ही मध्ये बोललात ना काकी, म्हणून काढलं."
"बरं," म्हणाल्या.

तो खोकला मला भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचा. हेडफोनमध्ये मात्र तो मला फक्त रेकॉर्डिंगमधली चूक वाटला.

चार महिने गेले. मेडिकलच्या एका मॅडमनी वर्गात प्रदर्शन उघडलं. मी कॉम्प्युटर चालवायला बसले होते.
मॅडमनी मुलांना विचारलं, "या माणसाला काय त्रास असेल?"
गुडघे. पाठ. डोळे. मुलं माग बघून सांगत होती.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ओरिजिनल रेकॉर्डिंग आहे का? तेही ऐकू या."

लावलं.
काकींचं बोलणं संपलं आणि मॅडमनी हात वर केला. "थांबव. केस हिस्टरी तर या बाईंनी सांगितली आहे. हे का काढलंस?"

"मॅडम, नॉईज होता."

बोलले, आणि वर्गासमोर मान वर करता येईना.

"कधीचं आहे हे?"
"चार महिन्यांपूर्वीचं."
"उद्या घेऊन ये त्यांना."

दुसऱ्या दिवशी काकाजी बसमध्ये पूर्ण रस्ता कुरकुरत होते. "त्या बाईले प्रदर्शनात आता माह्या छातीचा फोटो पायजे का?"
फोटो काढला. फुफ्फुसात गाठ होती. बरीच वाढलेली.

त्यानंतर काकाजी पाच महिने होते. मला एकदाही काही बोलले नाहीत. उलट, भेटायला येणाऱ्यांना सांगायचे, "हिनंच नेलं मले दवाखान्यात."
ते ऐकून मी घरी निघून यायची.

मॅडमना मी एकदा विचारलं, चार महिने आधी आणलं असतं तर?
त्या म्हणाल्या, "कदाचित काही झालं असतं. कदाचित नाही. मी खोटं सांगणार नाही तुला."

गेल्या आठवड्यात धीर करून काकींकडे गेले. त्यांना सांगितलं, प्रदर्शनात मूळ रेकॉर्डिंग टाकायचं आहे, तुम्ही हो म्हणाल तरच.
काकींनी अकरा मिनिटं ऐकली. डोळे पुसले नाहीत, मधे बोलल्याही नाहीत.

"मी तवाच सांगतलं होतं ना वो पोरी."
"हो काकी."
"तुले कोनी काही म्हटलं नाही. मी बी नाही म्हनत. पन मले आता कापू नको."
"नाही कापणार."
"लोकं हासतीन का? नवऱ्यावर वरडून राहिली म्हून?"
"सुरुवातीला हसतील. आम्हीपण हसलो होतो."
"हासू दे. माह्यं नाव बी टाक."

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी लोकांच्या मुलाखती घेत असाल, रेकॉर्डिंग करत असाल, तर कापण्याआधी एकदा पूर्ण ऐका. एवढंच सांगायचं होतं.

काकाजी, तुम्हाला मनापासून नमस्कार. माफीही मागते.

आज सकाळी प्रदर्शनातली सहा मिनिटांची फाईल काढून टाकली. तिथे पूर्ण अकरा मिनिटं ठेवली आहेत.
खाली दोन नावं लिहिली.
दामोदर, विणकर.
शांताबाई, ज्यांनी त्यांचं आजारपण सगळ्यांच्या आधी ओळखलं.