विमलकाकूंची तिरपी खाट

विमलकाकूंच्या अंगणात नवारीची एक खाट होती आणि तिच्यावर बसायची कुणालाच परवानगी नव्हती. पाहुण्याला प्लास्टिकची खुर्ची मिळे. खाट मात्र एक लांब बाजू जमिनीला टेकवून आणि दुसरी विटांच्या थप्पीवर चढवून, कौलारू छपरासारखी तिरपी उभी. पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत नव्याने आलेल्यांना वाटे, काकू ढेकणांसाठी खाट उन्हाला लावतात. मग काकू पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून बाहेर येत, खाटेशेजारी उभ्या राहत आणि गोल्फची काठी अशी फिरवत, की तिचं टोक नवारीपासून बोटभर अंतर राखून वर जाई आणि त्याच वाटेने खाली येई. नवारीला जराही न लागता. पाहुण्याच्या हातातला चहा निवून जाई.

काकूंचे यजमान सैन्यात होते. छावणीतल्या मैदानावर सकाळी नवऱ्याबरोबर जाता जाता त्या खेळायला शिकल्या. पुढे यजमानांचं खेळणं गुडघ्यांमुळे सुटलं, काकूंचं सुटलं नाही. ते गेल्यावर त्या वर्ध्याला परतल्या, त्या काठ्यांची पिशवी घेऊनच. दाराच्या चौकटीतून वाकून शिराव्या लागणाऱ्या, उंच, खणखणीत आवाजाच्या बाई. मी त्यांच्या फाटकासमोरून मान खाली घालून कॉलेजला जायची.

एकदा त्यांनी मला थांबवलं आणि नाव न विचारता हात सरळ खाली सोडायला सांगितले. माझे हात उंचीच्या मानाने लांब आहेत. घरी त्यावरून चिडवत, म्हणून मी ओढणीखाली लपवायची. काकूंनी ते दुकानातलं कापड पाहावं तसे निरखले आणि म्हणाल्या, "सोन्याचे हात हाय हे. उद्यापासून येजो."

मी हात पुन्हा ओढणीखाली घेतले. "काऊन वो, तुह्या इंग्रजी शाळेत तोंड उघडाची फी येगळी होती का?"

मी दुसऱ्या दिवशी गेले.

त्यांचं सगळं शास्त्र त्या खाटेत होतं. शाळेत भूमितीच्या तासाला आम्ही ज्याला प्लेन, म्हणजे प्रतल, म्हणायचो, त्याला काकू उतार म्हणत. बॉलपासून खांद्यापर्यंत एक उतार असतो, काठी त्याच उताराने वर न्यायची आणि त्यानेच खाली आणायची. "बॉल माराचा नसते, पोरी. काठीले उतारावरून घसरू द्याचं. मधात बॉल हाय, त तो जाईन आपल्या पायानं." जगाकडेही त्या याच नजरेने बघत. केळझरच्या गणपतीला गेलो, तेव्हा नारळ फोडणाऱ्या माणसाकडे बघून माझ्या कानाशी लागल्या, "कोपर बाहेर गेलं त्याचं. पाहाजो, दोनदा मारीन." त्याने दोनदा मारला. काकूंनी समाधानाने हात जोडले. देवाला, की कोपराला, कळलं नाही.

रविवारी आम्ही त्यांच्या भाच्याच्या रिकाम्या शेतात जात असू. तिथे माझा प्रत्येक बॉल उजवीकडे वळून शेजारच्या तुरीत शिरायचा. खाटेजवळ काठी नवारीला खर्रकन घासायची. घासू नये म्हणून मी हात वर उचलायची, आणि हात उचलले की बॉल तुरीत. नागपूरला विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची निवड जवळ आली होती. मला त्या संघात जायचं होतं. इतकं काही मला आजवर हवंसं वाटलं नव्हतं, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. काकू म्हणत, "पुन्हा." मी पुन्हा करायची. नवार पुन्हा घासायची.

घोटाळा कुठे आहे, ते मला बऱ्याच दिवसांपासून दिसत होतं. सांगायचं कसं, ते कळत नव्हतं. शेवटी एका सकाळी मी घरून सुतळी नेली. एक टोक बॉलखाली दाबलं, दुसरं काकूंच्या खांद्याला लावलं. सुतळी खाटेच्या उताराला बरोबर जुळली. मग काकूंच्या जागी मी उभी राहिले आणि तेच टोक माझ्या खांद्याला लावलं. सुतळी बरीच खाली झुकली.

काकू सुतळीकडे बघत राहिल्या. "ही खाट त माह्या मापाची हाय."

"हो."

"आन् तुले हे कधीचं माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली. त्या रागावतील असं वाटलं. पण त्या इतक्या हसल्या की विटांना धरून खाली बसल्या. "अवो माय, माह्यी साडी नेसून पळून राह्यली होती तू, आन् मी म्हणून राह्यली, पळ, पळ. काढ त्या वरच्या इटा." मी विटा काढल्या, खाट खाली झुकली. त्या दिवशी नवार एकदाही वाजली नाही. रविवारी तुरीत शिरायची वेळ आली नाही.

निवडीला काकू माझी पिशवी ओढत बरोबर आल्या. शेवटच्या होलवर मी आणि आणखी एक मुलगी बरोबरीत होतो, आणि संघात जागा एकच उरली होती. मी बॉलसमोर उभी राहणार, तेवढ्यात तिथल्या प्रशिक्षकांनी मला मोबाईलवर माझाच आधीचा फटका दाखवला. त्यावर रेषा आखलेल्या होत्या. काठी फार आडवी जाते, हात वर घे, ते म्हणाले. माझ्या भल्यासाठीच सांगत होते. सगळे माझ्याकडे बघत होते. काकू पिशवीची चेन उगाच उघडत-लावत राहिल्या.

"सर," मी म्हणाले, "हा उतार माझ्या मापाचा आहे. मी असंच मारते."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. पण मैदानभर ऐकू गेला असावा, कारण चेनचा आवाज थांबला. मी काठी वर नेली. माझ्या मनात उजवीकडे अंगणातली खाट होती, नवारीची वीण न् वीण दिसत होती. काठी घसरली. बॉल सरळ गेला, मान वर करून बघावं लागेल इतका उंच, आणि झेंड्याजवळ अलगद उतरला. त्या मुलीचा वाळूत पडला.

यादीत नाव वाचल्यावर काकूंनी माझे दोन्ही हात धरून वर केले आणि मैदानाच्या चारी दिशांना दाखवले. मी ते खाली ओढले नाहीत.

घरी परतल्यावर त्यांनी विटा बाजूला सारल्या, खाट चार पायांवर टेकवली आणि तिच्यावर चक्क आडव्या झाल्या. मी पहिल्यांदाच तिच्यावर माणूस पाहिलं. भर दुपारी, बुटांसकट, त्या घोरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या आधी अंगणात गेले. माझ्या मापाची खाट लावल्यापासून त्यांनी स्वतः एकदाही काठी फिरवली नव्हती. मी खाट पुन्हा तिरपी केली, विटा जुन्या उंचीवर चढवल्या आणि काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे बारीक करून उतार पाहिला, एकवार काठी वर नेली. नवार हलकेच घासली.

"एक इट काढ," त्या म्हणाल्या. "वय झालं, बुटकी होऊन राह्यली मी बी."

मी वीट काढली. काकूंनी पदर खोचला. या वेळी काठी गेली आणि आली, नवारीला कळलंसुद्धा नाही.